चिंचोक्याच्या खळीचे अंतरंग
घोंगडीच्या सुताला विणकर पिढ्यान्‌पिढ्या जी चिंचोक्याची खळ देत आले, तिच्यातील चिकट द्रव्य पिष्ट नव्हे, हे आयोडीनच्या निळसर छटेने फसलेल्यांना प्रथम पटत नाही. वस्तुतः ती झायलोग्लुकन नामक बहुशर्करा होय. भाजलेल्या चिंचोक्याचे टरफल काढून, त्याचे पीठ पाण्यात उकळून, गाळ बसल्यावर वरचे द्रावण दुप्पट अल्कोहोलात ओतले, म्हणजे ती तंतुमय साक्याच्या रूपाने पृथक् होते.

आम्लाने विघटन केल्यास ग्लुकोज, झायलोज व गॅलॅक्टोज यांची हजेरी लागते. परंतु कोण कोणाच्या शेजारी बसला होता, याची जबानी त्यातून मिळत नाही. म्हणून विघटनापूर्वीच रेणूतील प्रत्येक मोकळ्या हायड्रॉक्सिल गटावर मेथिल गटाची मोहोर उठवितात, म्हणजे तुकडे झाल्यावर जी जागा कोरी राहिली ती (वलयात गुंतलेली वगळता) सांध्याची, असा दाखला हाती येतो. त्यावरून दिसते ते असे: सेल्युलोजप्रमाणेच १–४ बंधांनी सांधलेला ग्लुकोजचा कणा, त्याच्या बहुतेक कड्यांच्या ६व्या कर्बाशी लोंबणारा झायलोज, आणि काही झायलोजांच्या टोकाशी गॅलॅक्टोज. सेल्युलोज पाण्याला दाद देत नाही. त्याचा हा भाऊबंद मात्र शाखांच्या गर्दीमुळेच पाण्यात विरून खळ बनतो.