सुटणाऱ्या घराची छायाचित्रे

मनुष्य ज्या घरात वाढतो, त्या घराकडे तो सहसा निरखून पाहत नाही. उंबरठा, खिडकी, अंगणातले झाड ही रोजचीच असतात. म्हणून ती असूनही दिसत नाहीत. घर सोडण्याची वेळ आली, की मात्र त्यांतील एकेक गोष्ट डोळ्यांत भरू लागते. अशा वेळी घराची छायाचित्रे काढून ठेवावीत, असे अनेकांना वाटते. पण घराचे छायाचित्र काढायचे म्हणजे नेमके कशाचे काढायचे? छत्तीसगडमधील भिलाई या शहराच्या उदाहरणावरून या प्रश्नाचे उत्तर शोधता येते.

भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातील शहर नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला व येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचे ठरले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यासाठी आसपासच्या खेड्यांतील जमीन घेण्यात आली आणि तेथील अनेकांना आपली घरे व शेते सोडावी लागली. त्या काळी शेतकऱ्याच्या हाती कॅमेरा नसे. त्यामुळे त्या घरांची आठवण प्रामुख्याने वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातूनच पुढच्या पिढीला मिळाली.

कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही वसली. सेक्टर, रस्ता आणि क्वार्टर क्रमांक अशी तिची आखणी झाली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून कुटुंबे येथे आली. त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. एका प्रकारच्या क्वार्टरांचा आराखडा एकच असे. शिवाय क्वार्टर कारखान्याच्या मालकीचे. पुढे काही घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली. परंतु एरवी सेवानिवृत्तीनंतर क्वार्टर रिकामे करून देणे हाच नियम. ज्या घरात मुले लहानाची मोठी झाली, ते घर एके दिवशी किल्ली सुपूर्द करून सोडावे लागते आणि तेथे दुसरे कुटुंब राहावयास येते.

भिंती सर्वांच्या सारख्या आणि त्याही परक्या. मग एका कुटुंबाचे घर दुसऱ्याच्या घराहून वेगळे कशाने होते? ते होते वापराने. दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीने ओढलेल्या रेघा असतात. देवघराच्या कोनाड्यावर दिव्याची काजळी साचलेली असते. परसात कोणीतरी लावलेला पेरू असतो. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप लागावी म्हणून खिडकीला जाड पडदा लावलेला असतो. घर रिकामे झाले, भिंतींना नवा रंग दिला, की या खुणा पुसल्या जातात. म्हणून छायाचित्र काढायचे ते प्रथम या खुणांचे. घराचा दर्शनी भाग पुढेही पाहावयास मिळेल. चौकटीवरच्या रेघा मिळणार नाहीत.

छायाचित्रणाच्या कलेचा आरंभही घरातूनच झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कॅमेऱ्याने टिपलेले आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र फ्रान्समधील निसेफोर निएप्स याने सुमारे १८२६-२७ मध्ये आपल्या घराच्या खिडकीतून घेतले. ते उमटण्यास कित्येक तास लागले. इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅलबट याने १८३५ साली घेतलेल्या निगेटिव्हमध्येही त्याच्या राहत्या वास्तूची खिडकीच दिसते. दोघांनीही पाहण्यासाठी दूरचे काही शोधले नाही.

सुटलेल्या घराची ओढ किती तीव्र असते, याची जाणीव वैद्यकशास्त्रालाही पूर्वीच झाली होती. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या अभ्यासकाने मायभूमीपासून दूर गेलेल्या लोकांच्या व्याकुळतेला 'नॉस्टॅल्जिया' असे नाव दिले. घरी परतणे आणि वेदना या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून त्याने ते बनविले. त्याने ती व्याधी मानली होती. आज तसे मानले जात नाही. ती मनुष्याची स्वाभाविक भावना आहे आणि छायाचित्र तिला आधार देते.

हा आधार टिकाऊ व्हावा, यासाठी थोडी काळजी घ्यावी लागते. सकाळचा किंवा सायंकाळचा तिरपा प्रकाश भिंतीवरील ओरखडे व रेघा स्पष्ट दाखवितो. प्रत्येक खोली दारात उभे राहून एकदा संपूर्ण टिपावी. नंतर जवळ जाऊन वस्तू टिपाव्यात. सामान आवरण्यापूर्वीच चित्रे काढावीत, कारण रिकाम्या खोलीत केवळ भिंती उरतात. घरातील माणसांना ओळीने उभे करण्यापेक्षा नेहमीच्या कामात असताना टिपावे: आजी तांदूळ निवडताना, वडील सायकल पुसताना.

छायाचित्रात वास येत नाही आणि आवाजही ऐकू येत नाही. ती उणीव शब्दांनी भरून काढावी लागते. कागदी प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने, फार दाब न देता, तारीख, क्वार्टर क्रमांक आणि माणसांची नावे लिहावीत. पेरू कोणी लावला, पडदा कशासाठी होता, हेही एका ओळीत नोंदवावे. नोंद नसलेले चित्र दोन पिढ्यांनंतर अनोळखी होते. कागदी प्रती कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. मोबाइलवरील चित्रे केवळ मोबाइलमध्येच न ठेवता त्यांच्या प्रती आणखी दोन ठिकाणी जपाव्यात.

किल्ली परत करताना क्वार्टरमधील दिवे, नळ, दारे यांची मोजदाद होते. चौकटीवरील रेघा, कोनाड्यातील काजळी आणि पेरूची सावली कोणत्याही यादीत येत नाहीत. कारण ती कारखान्याने दिलेली नसतात. ती कुटुंबाने तेथे राहून निर्माण केलेली असतात. घर सोडताना बरोबर नेण्याचा हक्क असतो, तो त्यांचाच.