पडद्याकडे न पाहता केलेली सोनोग्राफी

पोटावर जेल लावायचं, प्रोब टेकवायचा आणि ओटीपोटाकडून वरच्या दिशेने सरळ फिरवत न्यायचा. मग तसाच आडवा. पडद्यावर काय दिसतंय, याचा विचारही करायचा नाही. झांबियाची राजधानी लुसाका आणि अमेरिकेतलं चॅपल हिल इथे ज्यांनी हे काम केलं, त्यांनी सोनोग्राफीचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. तरीही त्या चित्रफितींवरून संगणकाने गर्भाचं वय अचूक सांगितलं.

नेहमीच्या तपासणीत डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजून वय काढतात. खरी कसोटी मोजण्याआधीच लागते. हलत्या बाळाचा नेमका छेद पडद्यावर पकडावा लागतो. मांडीचं हाड जरा तिरकं आलं की आखूड दिसतं आणि हिशेब चुकतो. असा हात तयार व्हायला वेळ लागतो, आणि तो खेड्यापाड्यांत सहसा मिळत नाही.

वयाला एवढं महत्त्व का? पाळीची तारीख अनेकींना नक्की आठवत नाही. पण 32व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या, तर बाळाची फुप्फुसं लवकर पक्व व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात; 38व्या आठवड्यात त्याची गरज नसते. आठवडेच चुकीचे धरले, तर उपचारही चुकतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये 24 आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी करण्याची शिफारस केली, त्यामागे हेही कारण आहे.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे डॉ. जेफ्री स्ट्रिंगर आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये 4,695 गर्भवतींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. संगणकाची सरासरी चूक होती 3.9 दिवस, तर प्रशिक्षित सोनोग्राफरच्या मापांची 4.7 दिवस. फितीतली कोणती फ्रेम कामाची, हे प्रणाली स्वतःच ताडते. 2024 मध्ये लुसाका आणि चॅपल हिल इथल्या 400 जणींवर झालेल्या अभ्यासात नवख्या हातांची चूक 3.2 दिवस निघाली, तज्ज्ञांची 3.0.

व्यंग शोधणं मात्र याहून अवघड. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. रीमा अर्नाऊत यांच्या गटाने 2021 मध्ये हृदयाचे गंभीर दोष ओळखणारी प्रणाली मांडली, पण तिला हृदयाची ठरावीक पाच दृश्यं लागतात.

भारतातही काम सुरू आहे. आयआयटी मद्रास आणि फरिदाबादच्या टीएचएसटीआय या संस्थांनी गुरुग्रामच्या गर्भवतींच्या नोंदींवरून भारतीय बाळांसाठी वयाचं सूत्र तयार केलं. आजवर आपण अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डॉ. हॅडलॉक यांच्या सूत्रांवर विसंबून आलो आहोत.

महाराष्ट्रात मात्र प्रश्न निव्वळ तंत्राचा नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा याच राज्याने 1988 मध्ये केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. नोंदणीकृत केंद्रात, पात्र डॉक्टरनेच सोनोग्राफी करायची, हे बंधन मुलींच्या जिवासाठी आहे आणि ते सैल होता कामा नये. तरीही ज्या यंत्राचा पडदा कुलूपबंद असतो, ज्यावर चित्र उमटतच नाही, फक्त आठवड्यांचा आकडा येतो, त्याचा विचार व्हायला हवा. त्या चर्चेत कायद्यासाठी लढलेल्या कार्यकर्त्या पहिल्यापासून हव्यात. चित्रफीत कुठे साठते, ती कोण उघडू शकतं आणि कुलूपबंद पडदा उघडला गेला तर त्याची नोंद राहते का, हे आधी त्यांना तपासू द्यायला हवं.