रॉकेट सरळ का जाते?

दिवाळीच्या रॉकेटची काडी मोडून ते पेटवले तर काय होते, हे खेड्यातल्या बहुतेक मुलांना ठाऊक असते. ते जमिनीवर वळवळते, भिंतीवर आपटते, नाहीतर कुणाच्या अंगावर जाते. याच कुतूहलातून एखादा मुलगा फटाक्यांची दारू काढून पाइपमध्ये ठासायला बसतो. आम्हाला काळजी वाटते ती याची. विनापरवाना स्फोटके बनवणे हा गुन्हा तर आहेच, पण हात आणि डोळे जाण्याची भीती त्याहून मोठी. शिवाय इंदापूर-अकलूज रस्त्यावरच्या बावड्यासारख्या उसाच्या गावात एक ठिणगी वाळल्या पाचटावर पडली तर शेजारचा उभा ऊसही पेटू शकतो.

म्हणून मुलांचे कुतूहल न दाबता त्याला चांगली वाट दाखवू या. लागते काय? कोल्ड्रिंकची रिकामी बाटली, सायकलचा पंप, पाणी आणि ऊस तुटून मोकळे झालेले रान.

आधी त्या काडीची गोष्ट. हैदरअली आणि टिपू सुलतान यांच्या फौजेतल्या रॉकेटची नळी लोखंडी असे आणि ती बांबूच्या लांब काठीला चामड्याच्या वादीने बांधलेली असे. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत या रॉकेटांनी इंग्रजांना हैराण केले. पुढे ही रॉकेटे इंग्लंडला नेली गेली आणि त्यांच्यावरून विल्यम काँग्रीव्हने आपली रॉकेटे तयार केली. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम १९६३ साली अमेरिकेत नासाच्या वॉलॉप्स केंद्रावर प्रशिक्षणासाठी गेले, तेव्हा तिथल्या भिंतीवर त्यांना टिपूच्या रॉकेटांचे चित्र दिसले. ही आठवण त्यांनी ‘अग्निपंख’मध्ये सांगितली आहे.

काठी करते काय? प्रत्येक रॉकेटात दोन बिंदू महत्त्वाचे. एक गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या जागी दोरी बांधली तर रॉकेट आडवे तोलून राहते ती जागा. दुसरा दाबमध्य, म्हणजे बाजूने येणाऱ्या हवेचा सगळा धक्का जणू एकवटतो ती जागा. गुरुत्वमध्य पुढे, टोकाच्या बाजूला हवा. दाबमध्य मागे, शेपटाकडे हवा. मग रॉकेट जरा तिरके झाले की हवा शेपटाला ढकलून त्याला पुन्हा सरळ करते. उलट झाले तर तीच हवा त्याला गरगर फिरवते. बाणाला पुढे लोखंडी टोक आणि मागे पिसे असतात ती यासाठीच. काठीमुळे दाबमध्य मागे जातो. आपल्या बाटलीत हेच काम पंख करतील.

आता बांधणी. सव्वा लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या; साध्या पाण्याची पातळ बाटली हवेचा दाब सोसत नाही. बाटलीचे तोंड खाली, तेच रॉकेटचे शेपूट. तोंडाजवळ जाड पुठ्ठ्याचे तीन किंवा चार सारखे पंख चिकटपट्टीने घट्ट बसवा. गरम गोंद लावू नका, त्याने प्लास्टिक कमजोर होते. वरच्या बाजूला प्लास्टिकच्या चेंडूचा अर्धा भाग बसवून त्यात ५० ग्रॅम चिकणमाती भरा. अणकुचीदार टोक नको.

दाबमध्य काढायची सोपी रीत अशी: रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती पंखांसह पुठ्ठ्यावर कापा आणि पट्टीच्या कडेवर तोला. जिथे तोलेल तो अंदाजे दाबमध्य. रिकाम्या रॉकेटचा गुरुत्वमध्य त्याच्या पुढे, निदान बाटलीच्या जाडीइतका हवा. बाटलीचा व्यास ९ सेंटिमीटर असेल तर अंतर किमान ९ सेंटिमीटर. कमी भरले तर टोकाला माती वाढवा किंवा पंख मोठे करा. मात्र फार मोठे पंखही नकोत. त्यांनी रॉकेट वाऱ्याच्या दिशेला तोंड वळवते.

मग खरी परीक्षा. गुरुत्वमध्यापाशी दोन-तीन मीटर दोरी बांधा आणि मोकळ्या जागी रिकामे रॉकेट डोक्याभोवती गोल फिरवा. टोक पुढे ठेवून फिरले तर पास. आडवे किंवा उलटे फिरले तर उडवू नका, आधी दुरुस्त करा.

उडवण्यासाठी बाटली एक तृतीयांश पाण्याने भरा. सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवलेले रबरी बूच तोंडात घट्ट दाबा आणि बाटली तीन उभ्या सळयांच्या मधे ठेवा. सुरुवातीला वेग कमी असतो, तेव्हा पंखांना हवेची पकड मिळत नाही. तेवढ्यापुरता सळयांचा आधार लागतो. दाब वाढला की बूच निसटते, पाणी खाली फेकले जाते आणि बाटली वर जाते. पंप आणि बाटली यांच्यात किमान ५ मीटर नळी हवी. हवा ४० पौंडांपुढे नको. पंपाजवळ मोठे माणूस, बाकी सगळे १० मीटर दूर, आणि बाटलीवर कुणीही वाकायचे नाही. वर विजेच्या तारा नसाव्यात. फज्रनंतर वारा बहुधा शांत असतो, ती वेळ चांगली.

पहिली बाटली वाकडी गेली तर मुलांना हसू नका. कलामसाहेबांच्या नेतृत्वाखालचे एसएलव्ही-३ १० ऑगस्ट १९७९ रोजी समुद्रात कोसळले होते. बिघाड शोधला गेला आणि १८ जुलै १९८० रोजी त्याच एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला.

तेव्हा मुलाला आणि मुलीला, दोघांनाही एकेक वही द्या. मातीचे वजन, पंखांची लांबी, पाणी, हवा, वारा हे दर वेळी लिहून ठेवायला सांगा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा.