सर्व्हर चालू, तरी रांग थांबलेली : ॲप्लिकेशन मॉनिटरिंग म्हणजे काय?

आजचा विषय आहे ॲप्लिकेशन परफॉर्मन्स मॉनिटरिंग, म्हणजे चालू प्रणालीच्या कामगिरीवर सतत नजर ठेवणं. नाव जड आहे, पण अमरावती-अकोल्याच्या माणसाला हा विषय जुलै महिन्यात बरोबर कळतो.

२०२३च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला. मुदत होती ३१ जुलै. राज्यभरातून सुमारे १ कोटी ७० लाख अर्ज आले. शेवटच्या दिवसांत पोर्टल संथ झाल्याच्या तक्रारी आल्या आणि मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. दर्यापूर असो की मूर्तिजापूर, अशा वेळी सेवा केंद्रावर एकच वाक्य ऐकू येतं, ‘साइट चालून नाही रायली भाऊ.’ सोयाबीन पेरलेलं, सातबारा नि पासबुक हातात, आणि मुदत हुकली तर त्या हंगामाचं विमा संरक्षण गेलं.

त्याच वेळी सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, ‘सर्व्हर तर चालू आहे.’ बरेचदा दोघंही खरं बोलत असतात. मग फरक कुठे पडतो?

पहिला फरक सरासरीचा. समजुतीसाठी आकडे धरू. १०० विनंत्या आल्या. ९० विनंत्यांना एकेक सेकंद लागला, १० विनंत्यांना ४०-४० सेकंद. सरासरी निघते ४.९ सेकंद. पडद्यावर ‘साधारण पाच सेकंद’ दिसतं, पण पाच सेकंदांचा अनुभव कोणालाच आलेला नाही! म्हणून आपण ९५वा शतमक पाहतो. विनंत्या कमी वेळाकडून जास्त वेळाकडे ओळीनं लावायच्या आणि ९५व्या जागेवर किती वेळ आहे ते बघायचं. इथे तो ४० सेकंद आहे.

आता एका अर्जात असे पाच टप्पे धरा. प्रत्येक टप्प्यावर अडकण्याची शक्यता १० टक्के आणि एकमेकांपासून स्वतंत्र असेल, तर १०० पैकी सुमारे ४१ शेतकरी कुठे ना कुठे अडकतात. अडकलेला माणूस बटण पुन्हा दाबतो, भार आणखी वाढतो.

मग मोजायचं काय? गुगलच्या इंजिनिअरांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंगवरच्या पुस्तकात चार खुणा सांगितल्या आहेत. बाजार समितीच्या काट्यावरून त्या लगेच कळतात. गाड्या किती येताहेत, हा विनंत्यांचा ओघ. एका गाडीच्या वजनाला किती वेळ लागतो, हा प्रतिसादाचा वेळ. किती गाड्या परत पाठवाव्या लागल्या, हे चुकांचं प्रमाण. आणि आवार किती भरलं, हा साधनांवरचा ताण.

या खुणा ‘काहीतरी बिघडलंय’ एवढं सांगतात. नेमकं कुठे, हे कळायला ट्रेस लागतो. प्रत्येक विनंतीला एक क्रमांक द्यायचा आणि ती कुठे किती वेळ थांबली याची नोंद ठेवायची. गुगलनं २०१० मध्ये डॅपर या प्रणालीवरच्या निबंधातून ही पद्धत मांडली. आज ओपनटेलिमेट्री या २०१९ पासूनच्या मुक्त प्रकल्पामुळे ती लहान संस्थांनाही वापरता येते. समजा, ४० सेकंदांपैकी ३८ सेकंद मोबाइलवर ओटीपी पाठवणाऱ्या बाहेरच्या सेवेत गेले. मग आपण आपले सर्व्हर दुप्पट केले तरी रांग हलणार नाही. पैसा जाईल आणि मुदतही जाईल.

म्हणून आमचं सांगणं एवढंच, की मोजमाप शेतकऱ्याच्या खुर्चीवरून सुरू करा. दर मिनिटाला किती अर्ज पूर्ण होऊन पावती निघाली, हा आकडा सगळ्यात वर ठेवा. तालुक्याच्या साध्या इंटरनेटवरून दर काही मिनिटांनी चाचणी अर्ज चालवून पाहा. पूर्ण होणारे अर्ज घटले की अलर्ट वाजला पाहिजे, मग सर्व्हरचा दिवा हिरवा का असेना.

या नोंदींचा आणखी एक उपयोग आहे. किती तास, कोणत्या टप्प्यावर, किती अर्ज अडले हे लेखी असेल, तर मुदत किती दिवस वाढवायची हे अंदाजानं ठरवावं लागत नाही. आणि रांगेतल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणण्याऐवजी, बिघाड कुठे आहे नि किती वाजता परत यायचं, हे सांगता येतं.