आवाजाची वाट पाहू नका, ऑइल पाहा

भाजीपाला, दुधाचे कॅन किंवा बांधकामाचं सामान वाहणाऱ्या पिकअपचा मालक इंजिन ऑइलची वेळ सहसा चुकवत नाही. मागच्या एक्सलमधल्या डिफरन्शियलकडे मात्र गाडी घुमायला लागल्याशिवाय फारसं कुणी पाहत नाही. हाउसिंग बंद, आत ना धूर ना जाळ, मग ऑइल खराब होईलच कशाने, असा त्यामागचा हिशेब. तो वरवर पटतो, पण चुकीचा आहे. घुमण्याचा आवाज ही बहुतेक वेळा नुकसान होऊन गेल्यावरची खबर असते. ऑइल ती बरंच आधी देतं.

याचं कारण दात्यांच्या रचनेत आहे. प्रोपेलर शाफ्टची फिरत काटकोनात वळवून चाकांकडे न्यायची, हे क्राऊन आणि पिनियन या दोन गिअरचं काम. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. तो फरक मधले छोटे गिअर सांभाळतात. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवण्याची हायपॉइड पद्धत पॅकार्ड कंपनीने 1926च्या मोटारींत आणली. त्यामुळे शाफ्ट खाली आला, दाते मजबूत झाले आणि आवाज घटला. पण हे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. तिथे साध्या ऑइलचा थर टिकत नाही. गंधक-फॉस्फरसची रसायनं असलेलं जीएल-5 दर्जाचं ऑइल लागतं. भरलेली गाडी घाट चढते तेव्हा ते तापतं, आणि त्यातली रसायनं हळूहळू संपतात. डब्यावर 80डब्ल्यू-90 लिहिलंय एवढं पुरत नाही. तो आकडा जाडी सांगतो, दर्जा नव्हे.

म्हणून ऑइल बदलणं हीच पहिली तपासणी. गाडी थोडी चालवून, सपाट जागी उभी करून, आधी वरचा भरायचा प्लग सुटतो का ते पाहावं. तो अडकलेला असताना खालून ऑइल सोडलं, तर गाडी तिथेच अडकते. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावरची राखाडी, मऊ पेस्ट बोटांत चोळावी. ती गुळगुळीत लागली तर नेहमीची झीज. नखाला टोचणारी चकाकती पापडी किंवा दात्याचा तुकडा निघाला, तर हाउसिंग उघडायलाच हवं. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पावसाळ्यात तापलेलं हाउसिंग पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि खराब ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या वाटेतून) किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. ब्रीदर चोंदला तर उलट दाब वाढून सीलमधून ऑइल झिरपतं, आणि एक्सलच्या टोकाचं सील गळलं तर ते थेट ब्रेक लायनरवर जातं.

यावर मेकॅनिकांचा एक आक्षेप रास्त आहे: चुंबकावर थोडं लोखंड नेहमीच असतं, तेवढ्यावरून गिअर खोलायचे का? नाही. इथे जोड पुरावा हवा. चाकांना लाकडी ठोकळे लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, पिनियनचा फ्लँज हाताने वर-खाली हलवावा. तो हलला तर पिनियनचं बेअरिंग सैल आहे. ॲक्सिलरेटर दाबता-सोडताना ‘खट’ होत असेल, तर आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तपासावा. टायरचा आवाजही डिफरन्शियलच्या नावावर खपतो. रस्ता बदलल्यावर तो बदलला, तर दोष बहुधा टायरचा.

दुसरा आक्षेप खर्चाचा: चालतंय तोवर जाड ऑइल ओतून चालवू. जाड ऑइलने आवाज दबेल, सैल बेअरिंग घट्ट होणार नाही. ते सैल राहिलं की पिनियन जागचा सरकतो आणि दाते चुकीच्या जागी घासतात. क्राऊन-पिनियनची जोडी कारखान्यात जुळवूनच येते, त्यामुळे एक दाता गेला तरी दोन्ही बदलावे लागतात. नवी जोडी अंदाजाने बसत नाही. हलक्या वाहनांत दात्यांमधली मोकळीक मिलिमीटरच्या अंशांत, डायल गेजवर मोजावी लागते. त्या खर्चापुढे वेळेवर बदललेलं ऑइल आणि एखादं सील स्वस्तच. तेव्हा कंपनीच्या पुस्तिकेतलं जड वापराचं वेळापत्रक पाळा आणि जुनं ऑइल फेकण्याआधी ते उजेडात धरून पाहा.