‘विजयी’ हा रकाना कोण भरतो?

गेल्या आठवड्यात पुतण्या लॅपटॉप घेऊन घरी आला. तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी त्याने निवडणूक निकालांचा तक्ता तयार केला होता. मतदारसंघ, उमेदवार, पक्ष, मते आणि शेवटी ‘विजयी’ असे रकाने होते.

“काका, शेवटचा रकाना मी भरलेलाच नाही. ज्याची मतं सर्वाधिक, त्याच्यापुढे कॉम्प्युटर आपोआप ‘होय’ लिहितो.”

“मग २०२४ च्या लोकसभेतली सुरतची जागा काढ बघू,” मी म्हटले.

तिथे मतांचा रकाना रिकामा होता आणि विजेता कोणीच नव्हता. प्रत्यक्षात सुरतला काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, उरलेल्यांनी माघार घेतली आणि २२ एप्रिल २०२४ रोजी भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आल्याचे जाहीर झाले. मतदान झालेच नाही. पुतण्या लगेच तिथे शून्य टाकायला निघाला. मी त्याला थांबवले. शून्य म्हणजे मोजले आणि काही मिळाले नाही. रिकामे म्हणजे मोजलेच नाही. केसपेपरवर ‘ताप नाही’ आणि ‘ताप पाहिला नाही’ यांत असतो, तेवढाच हा फरक आहे.

मग आम्ही दोघे तक्ता तपासायलाच बसलो. इंदूरमध्ये २०२४ साली विजयी उमेदवाराला १२,२६,७५१ मते मिळाली. मतांच्या क्रमाने दुसऱ्या ओळीत होता ‘नोटा’, २,१८,६७४ मतांसह. कॉम्प्युटरने या दोन आकड्यांची वजाबाकी करून मताधिक्य काढले. पण नोटा हा उमेदवार नव्हे. मताधिक्य धरायचे ते बसपच्या उमेदवाराच्या ५१,६५९ मतांवरून, म्हणजे ११,७५,०९२. पुतण्याच्या तक्त्यात ते दीड लाखाहून अधिक मतांनी कमी दिसत होते.

मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली. कॉम्प्युटरने प्रामाणिकपणे दोघांपुढेही ‘होय’ लिहिले. खरा निकाल चिठ्ठी काढून लागला आणि तो शहांच्या बाजूने गेला. मतांच्या आकड्यांत ती चिठ्ठी कुठेच दिसत नाही.

रायबरेलीचा १९७१ चा निकाल तर आणखी अवघड. इंदिरा गांधींनी राजनारायण यांच्यावर एक लाखाहून अधिक मतांनी मात केली. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती निवड रद्द ठरवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. या सगळ्या काळात मतांचे आकडे तेच होते. बदलत होते ते ‘होय’ आणि ‘नाही’. म्हणजे या उत्तराला तारीख हवी, आणि ते कोणी दिले हेही लिहायला हवे.

आणखी एक गंमत. २०२४ मध्ये राहुल गांधी वायनाड आणि रायबरेली या दोन्ही जागांवर निवडून आले. तक्त्यातले ‘होय’ मोजून किती माणसे निवडून आली हे सांगायला गेलो, तर एक माणूस दोनदा मोजला जातो. रुग्णालयातही तीनदा दाखल झालेला एक रुग्ण नोंदवहीत तीन ओळी व्यापतो आणि घाईच्या अहवालात तीन रुग्ण होतो.

“काका, तुम्ही डॉक्टर. तुम्हाला यात एवढा रस कसा?” पुतण्याने विचारले. तेव्हा मी त्याला एक जुनी गोष्ट सांगितली.

काही वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात एक तरुणी धाप आणि पायांवरची सूज घेऊन आली. बाळंतपणाला सहा आठवडे होऊन गेले होते. प्रसूतीच्या सुमारास किंवा त्यानंतरच्या काही महिन्यांत काही स्त्रियांच्या हृदयाचा स्नायू दुबळा होतो, तसा तो आजार होता. प्रसूतीनंतरच्या पंचेचाळिसाव्या दिवशी ती गेली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार गरोदरपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंधित किंवा त्यामुळे बळावलेल्या कारणाने झालेला मृत्यू म्हणजे मातामृत्यू. अपघाती मृत्यू त्यात धरत नाहीत. ही तरुणी तीन दिवसांनी त्या व्याख्येबाहेर गेली. अशा मृत्यूंसाठी आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वेगळी जागा आहे. ४२ दिवसांनंतर पण वर्षाच्या आत झालेला तो ‘उशिराचा मातामृत्यू’. पण तिथेही तिची नोंद झाली नाही. मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर, मृत व्यक्ती स्त्री असेल तर गरोदरपणाशी संबंध होता का, असा प्रश्न छापलेला असतो. तो आम्ही रिकामा सोडला होता आणि कारण फक्त ‘हृदय निकामी’ असे लिहिले होते. सही माझी होती. रिकामा रकाना पुढे ‘नाही’ असा वाचला गेला. तान्ह्या बाळाची आई आकड्यांत निव्वळ हृदयरुग्ण म्हणून उरली.

४२ दिवसांची मर्यादा चुकीची आहे असे मी म्हणत नाही. कुठेतरी रेघ ओढल्याशिवाय दोन राज्यांची किंवा दोन वर्षांची तुलना करता येणार नाही. पण प्रसूतीची तारीख आणि मृत्यूची तारीख दोन्ही नोंदल्या, तर उद्या कोणी ४२ ऐवजी ३६५ दिवसांची रेघ ओढून पुन्हा मोजू शकतो. फक्त ‘मातामृत्यू : नाही’ एवढेच लिहिले, तर मोजायला काही शिल्लक राहत नाही.

पुतण्याने त्या रात्री तक्ता बदलला. मते जशीच्या तशी ठेवली. ‘विजयी’ला जोडून चार रकाने वाढवले : कसे ठरले (मतमोजणी, बिनविरोध की चिठ्ठी), कोणी जाहीर केले, कोणत्या तारखेला आणि नंतर काही बदल झाला का. एका ओळीचे काम आता बरेच वाढले आहे, पण सुरत रिकामी नाही आणि प्रभाग २२० मध्ये दोन विजेते नाहीत.

वाचकांनीही कोणताही आकडा पाहताना एवढे विचारावे : यात कोणाला धरले, कोणाला वगळले आणि ते कोणी ठरवले?

आणि एक विनंती डॉक्टर म्हणून. घरातल्या बाळंतिणीला सहा आठवडे उलटल्यावरही धाप लागली, आडवे पडल्यावर श्वास कोंडला किंवा पायांवर सूज आली, तर ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ म्हणून थांबू नका. तातडीने दवाखान्यात जा आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी बाळंतपणाची तारीख सांगा. ती केसपेपरवर लिहिली गेली की नाही, तेही पाहा.