ड वर्गाचं वाचनालय

महाराष्ट्रात सरकारमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे चार वर्ग आहेत: अ, ब, क आणि ड. बहुतेक खेड्यांतली वाचनालयं क किंवा ड वर्गात येतात आणि त्यांतली सर्वांत लहान ड मध्ये. जागा म्हणजे ग्रामपंचायतीच्या इमारतीतली एखादी खोली, देवळामागचं सभागृह, नाहीतर शाळेनं वापरायला दिलेला जुना वर्ग. चार-सहा लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, दोन बाकं, भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी आणि त्यांच्या जयंती-पुण्यतिथींचा तक्ता. खिडकीशी पेपरांचा स्टँड. एवढ्या ऐवजावर ही संस्था गावात तीन-तीन पिढ्या उभी असते.

कुलूप उघडायच्या आधीच पायरीवर दोन-तीन म्हातारी माणसं येऊन बसलेली असतात. त्यांना पेपर हवा असतो. सकाळी चहाच्या टपरीवर चाळलेला असला, तरी इथं तो पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत वाचायचा असतो. ज्याची नजर अधू झाली आहे, त्याला शेजारचा मोठ्यानं वाचून दाखवतो आणि मग बाजारभावावरून बोलणं सुरू होतं. शाळा सुटली की मुलं ‘किशोर’चा नवा अंक आला का, हे विचारून जातात. बालभारतीचं हे मासिक 1971पासून निघतं आहे, त्यामुळे आज नातवाला अंक आणून देणाऱ्या आजोबांनी लहानपणी तेच वाचलेलं असतं. दिवेलागणीच्या सुमाराला मुली येतात. स्वतःसाठी एक पुस्तक आणि आईसाठी एक. आईला कुठलं चालेल, हे ग्रंथपालाला ठाऊक असतं. गेल्या खेपेला तिनं काय परत केलं आणि किती दिवसांत केलं, हे त्याच्या लक्षात असतं.

हे लक्षात असणं म्हणजेच वाचनालय, असं माझं मत आहे. गावातल्या ग्रंथालयाबद्दल बोलताना आपण लगेच पुस्तकांच्या संख्येवर येतो. देणगीत इतकी आली, योजनेतून तितकी मिळाली. ही संख्या खोटी नसते, पण ती संस्थेबद्दल फार थोडं सांगते. अनेक गावांत पुस्तकं पुरेशी आहेत. ती कुणाच्या हातात द्यायची, हे जाणणारा माणूस मात्र कसाबसा टिकून आहे.

त्याचं काम जवळून पाहिलं की हे कळतं. मी एका वाचनालयात ग्रंथपालबाईंना नव्या पुस्तकांचा गठ्ठा नोंदवताना पाहिलं. आधी बिल आणि पुस्तकं ताडून पाहिली. मग दाखल नोंदवही उघडली: दाखल अंक, तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, आवृत्ती, पानं, किंमत, बिलाचा क्रमांक. एक पुस्तक, एक ओळ, खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर लाल शाईनं दुरुस्त करून शेजारी सही. मग शिक्के. एक मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर, एक शेवटच्या पानावर आणि एक गुप्त पानावर. गुप्त पान म्हणजे प्रत्येक वाचनालयानं ठरवून घेतलेला पानाचा क्रमांक. कुणी पहिली-शेवटची पानं फाडून पुस्तक आपलं म्हणून मिरवलं, तरी त्या पानावरचा शिक्का खरं बोलतो. त्यानंतर तारीखपट्टी चिकटवायची. बाई डिंक वापरत नव्हत्या. मैद्याची खळ घरून करून आणली होती आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घातलं होतं. शेवटी खाकी कागदाचं कव्हर आणि पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी. वीस-पंचवीस पुस्तकांना अख्खी संध्याकाळ गेली आणि मधूनमधून देवघेव चालूच होती.

कोणतं पुस्तक जास्त वाचलं जातं, हे बघायला त्यांना नोंदवही लागत नाही. बांधणी बघितली की कळतं. बाबा कदम, सुहास शिरवळकर, नारायण धारप यांची पुस्तकं पुन्हा पुन्हा शिवून घ्यावी लागतात. काही जाडजूड संच मात्र वर्षानुवर्षं आले तसेच कोरे राहतात. ते बहुतेक कुणीतरी वर बसून निवडलेले असतात.

अशा वाचनालयाला कायद्यानं घर दिलं, त्याची हकीकत मराठी मुलखाशी फार जवळून जोडलेली आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतली ग्रंथालयं पाहिली आणि 1910मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावलं. बॉर्डन तीन वर्षांत परत गेले. पुढचं काम ज्यांनी वाढवलं, त्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर होते. बडोद्याची रीत अशी होती की वाचनालय हवं असेल तर गावानं आधी आपला वाटा उभा करायचा, मग पंचायत आणि सरकार आपापला वाटा घालणार. ज्या गावात तेही जमत नसे, तिथं फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी रेल्वेनं जाई आणि नेण्या-आणण्याचा खर्च संस्थान सोसत असे. गावानं हात पुढे केल्याशिवाय सरकारनं पैसा द्यायचा नाही आणि केल्यावर आखडता घ्यायचा नाही, हे सूत्र मला आजही सर्वांत शहाणपणाचं वाटतं. भारतातला पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानानं 1945मध्ये केला. मुंबई इलाख्यात 1939मध्ये फैजी समिती नेमली गेली आणि तिनं मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत उतरत जाणारी रचना सुचवली. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967चा आहे.

या कायद्याची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मद्रासच्या 1948च्या कायद्यानं आणि पुढे कर्नाटकानं ग्रंथालयांसाठी मालमत्ता करावर उपकर बसवला. महाराष्ट्रानं बसवला नाही. इथं शासन दरवर्षी ग्रंथालय निधीत रक्कम घालतं आणि ग्रंथालय चालवतं ते गावातलं नोंदणीकृत मंडळ, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नाव असलेली संस्था. तिला वर्गानुसार अनुदान मिळतं. याचा फायदा उघड आहे. वाचनालय गावाचं राहतं, अध्यक्ष-कार्यवाह गावातले असतात, मुंबईला गेलेले चाकरमानी आपल्या गावच्या वाचनालयाला कपाट देतात, पंखा देतात, आईवडिलांच्या नावानं पुस्तकं देतात. कोकणातल्या किती वाचनालयांचा पाया मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांच्या वर्गणीतून घातला गेला आहे! तोटाही तितकाच उघड आहे. मंडळात दमाची माणसं असतील तोवर संस्था चालते. ती थकली की कुलूप लागतं.

काही ठिकाणी तर कुलूप उघडलंच जात नव्हतं. वाचनालय फक्त कागदावर होतं. म्हणून 2012मध्ये राज्यभरातल्या ग्रंथालयांची महसूल खात्यामार्फत तपासणी झाली. ती व्हायलाच हवी होती. पण तिच्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता आणि जुन्यांना वरचा वर्ग मिळणं अनेक वर्षं बंद राहिलं. या काळात ज्यांनी इमानानं सभासद वाढवले, पुस्तकं वाढवली, ती वाचनालयंही ड ची ड च राहिली. चाळीस हजारांहून अधिक गावांच्या राज्यात मान्यताप्राप्त ग्रंथालयं साधारण 11-12 हजार. ज्या गावात अजून एकही नाही, त्या गावातल्या उत्साही तरुणांना ‘सध्या नवी मान्यता नाही’ हेच उत्तर मिळत राहिलं. दोषी कुणी आणि भोगलं कुणी, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

आता पैशाचा हिशेब. 2022मध्ये शासनानं अनुदानात 60 टक्के वाढ केली आणि ड वर्गाचं वार्षिक अनुदान 30 हजारांवरून 48 हजार रुपये झालं. अनुदानातली निम्मी रक्कम वेतनावर आणि निम्मी इतर बाबींवर खर्च करायची, असा नियम आहे. म्हणजे वेतनाला वर्षाचे 24 हजार, महिन्याचे दोन हजार रुपये. 2022च्या वाढीनंतरचा हा आकडा. उरलेल्या 24 हजारांत पुस्तकं, पेपर, मासिकं, वीजबिल, लेखापरीक्षण, कार्यक्रम हे सगळं आलं. अनुदान हप्त्यांनी येतं. दुसरा हप्ता बऱ्याचदा मार्चच्या तोंडावर हाती पडतो आणि वर्षभराची खरेदी आठ-दहा दिवसांत उरकावी लागते. ग्रंथालय सेवकांच्या वेतनाचा आणि सेवाशर्तींचा विचार करायला आधी प्रभा राव समिती झाली, नंतर व्यंकप्पा पत्की समिती झाली. वेतनाची मागणी मात्र आजही जिथल्या तिथं आहे.

आणि एवढ्या तुटपुंज्या पैशात ही माणसं काय काय करतात ते पाहावं.

दिवाळी अंकांची योजना घ्या. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक वार्षिक सणच सुरू झाला. आज अंकांच्या किमती अशा आहेत की खेड्यातलं एक घर फार तर एखाददुसरा अंक घेईल. वाचनालय तीस-चाळीस अंक आणतं, सभासदाकडून थोडी जादा वर्गणी घेतं आणि तो शिमग्यापर्यंत एकामागून एक अंक नेत राहतो. कोणता अंक कुणाकडे आहे, याची रांग लागते. भविष्याचा अंक सर्वांत आधी फिरतो, पाककृतींचा त्यामागून. कथांचे अंक उशिरा हलतात, पण एकदा हलले की परत येताना त्यांच्याबरोबर चर्चा येते. मला ही योजना गावातल्या सगळ्या वाचन-उपक्रमांत उजवी वाटते, कारण तिच्यात भाषण नाही, हार-तुरे नाहीत, नुसतं वाचन आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी पुस्तकांचं वाण देण्याची पद्धत बऱ्याच गावांत रुजली आहे. काही ठिकाणी बायका वर्गणी काढून लहान लहान पुस्तकं एकगठ्ठा मागवतात आणि वाणात आलेलं पुस्तक वाचून झालं की वाचनालयातच जमा करतात. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे तर परिपत्रकानं ठरलेलेच. त्यांचे फोटो काढून अहवालाला जोडावे लागतात, आणि फोटोपुरताच कार्यक्रम उरकणारी वाचनालयंही आहेत. पण ज्या ग्रंथपालाला रस आहे, तो त्याच दिवशी मुलांना एकेक पुस्तक देऊन पंधरवड्यानं त्यांनाच त्यावर बोलायला उभं करतो. मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गावी आलेली शहरातली मुलं आणि गावातली मुलं एकाच बाकावर बसतात, तेव्हा दोघांची भाषा थोडी थोडी बदलते.

सुगीनंतरच्या व्याख्यानमाला अजून टिकून आहेत. बेळगाव परिसरात तर कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा अशी गावं दर हिवाळ्यात आपापलं मराठी साहित्य संमेलन भरवतात. ग्रंथदिंडीत पालखी असते, झांजपथक असतं, सारा गाव असतो. राज्याच्या सीमेपलीकडे राहिलेल्या या गावांनी मराठी पुस्तकांवर केलेली माया महाराष्ट्रातल्या खेड्यांनी जाऊन बघावी.

गेल्या काही वर्षांत सर्वांत मोठा बदल अभ्यासिकेनं केला. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. घरात जागा नाही, शहरातल्या अभ्यासिकेची महिन्याची फी झेपत नाही, म्हणून मुलं-मुली वाचनालयात बसतात. पूर्वी संध्याकाळी उघडणारी खोली आता पहाटेपासून उघडी असते, कारण किल्ली मुलांकडेच दिलेली असते. जुन्या सभासदांना हे थोडं खुपतं. कथा-कादंबऱ्यांच्या कपाटांपुढे चालू घडामोडींचे गठ्ठे रचलेले असतात. मला यात तक्रारीचं काही दिसत नाही. हीच मुलं दुपारी शेतकऱ्यांना मोबाइलवर ई-पीक पाहणी भरून देतात, म्हाताऱ्यांचे अर्ज वाचून दाखवतात. विशेषतः मुलींना घराबाहेर चार तास बसायला गावात ही एकच जागा आहे, जिथं का बसलीस, असं कुणी विचारत नाही.

शासनाच्या खात्यात पुस्तकप्रेमाची उणीव नाही, हे भिलारनं दाखवलं. पाचगणी-महाबळेश्वरच्या वाटेवरच्या या स्ट्रॉबेरीच्या गावात 4 मे 2017 रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वायची प्रेरणा होती आणि काम राज्य मराठी विकास संस्थेनं हाती घेतलं. पंचवीस ठिकाणी, बहुतेक लोकांच्या राहत्या घरांत, विषयवार पुस्तकं मांडली. एका घरी संतसाहित्य, दुसरीकडे बालसाहित्य, तिसरीकडे चरित्रं. पर्यटक येतात, वाचतात, जातात. गावकऱ्यांनी आपली ओसरी परक्या वाचकांना मोकळी केली, याचं मोल मोठं आहे. नंतर वेरूळ, नवेगाव बांध, पोंभुर्ले, अंकलखोप अशी नावं या यादीत आली. दुसरीकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानमधून विनायक रानडे यांनी 2009मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते, वाचून झाली की पुढे जाते. दुबईच्या मराठी मंडळींपर्यंत ती गेली. बडोद्याची पेटी शंभर वर्षांनी वेगळ्या हातांनी पुन्हा निघाली.

या दोन्ही कामांचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. माझा आग्रह एवढाच की भिलारसारख्या गावावर जो खर्च आणि जी कल्पकता लागली, तिचा अंश तरी ड वर्गाच्या वेतनाकडे वळावा. शेजारच्या कर्नाटकात 2019मध्ये गावोगावची ग्रंथालयं ग्रामविकास खात्याकडे गेली, पुढच्याच वर्षी ‘ओदुव बेळकु’ नावाची मोहीम काढून ग्रामीण मुलांना मोफत सभासद करून घेतलं आणि तिथं ग्रंथालय सांभाळणाऱ्याला पंचायत खात्यातून मानधन मिळतं. आपल्याकडे मंडळांची परंपरा आहे, ती मोडायचं कारण नाही. मंडळानं जागा, वर्गणी आणि कार्यक्रम सांभाळावेत आणि ग्रंथपालाचा पगार किमान वेतनाच्या दरानं शासनानं थेट त्याच्या खात्यात जमा करावा, पुस्तक-खरेदीच्या रकमेपासून वेगळा. अर्धा दिवस काम असेल तर अर्ध्या दिवसाचा द्यावा. आज असल्या तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या ग्रंथपालबाई सकाळी अंगणवाडीत मदत करतात, दुपारी शिवणकाम करतात आणि संध्याकाळी वाचनालय उघडतात. शिवणकामाच्या मोठ्या ऑर्डरी आल्या की वाचनालय उशिरा उघडतं.